नव्या संगणकावर जुनी खतावणी

आपल्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या पेढीत आज संगणकावर हिशेब ठेवले जातात, व त्यात नवल वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. परंतु ज्या पेढ्यांनी इतरांच्या आधी, म्हणजे १९९० च्या आसपास, संगणकाचा स्वीकार केला, त्यांच्यापुढे आता एक निराळीच अडचण उभी आहे. पेढीच्या एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला जुना संगणक असतो. त्यावर डॉस पद्धतीची, फॉक्सप्रो अथवा क्लिपर या भाषेत लिहिलेली हिशेबाची आज्ञावली असते. ती लिहून देणारे गृहस्थ आता कोठे आहेत हे कोणास ठाऊक नसते. नवे हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. जुनी दहा-पंधरा वर्षांची रोजकीर्द व खतावणी मात्र त्या यंत्रातच राहिली. यंत्र चालते आहे तोवर तिकडे कोणी पाहत नाही. पुढे भावाभावांच्या वाटणीत, एखाद्या जुन्या ठेवीच्या वादात अथवा प्रलंबित अपिलात १९९६ सालचे एखादे खाते पाहण्याची वेळ येते, आणि त्या दिवशी यंत्र सुरू होत नाही.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या मोडी लिपीतील वह्या आहेत त्यांस ही स्थिती नवी वाटणार नाही. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाही. तरीही मोडीची गोष्ट बरी म्हणावी लागेल. कारण ती लिपी आजही शिकता येते आणि जाणकार वाचक शोधल्यास मिळतो. संगणकातील वही तिच्याच आज्ञावलीवाचून उलगडत नाही, आणि ती आज्ञावली तिच्या ओळखीच्या यंत्रावाचून हालत नाही. या दुहेरी अडचणीवर जो उपाय संगणकशास्त्राने काढला आहे, त्याचा थोडा अभ्यास आपण या लेखात करू. इंग्रजीत त्यास अ‍ॅप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. आम्ही सोयीसाठी त्यास 'आभासी आवरण' म्हणतो.

प्रथम जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर का चालत नाही ते पाहू. कोणतीही आज्ञावली एकटी काम करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, छपाईयंत्राकडे कागद पाठवणे, ही सर्व कामे ती ऑपरेटिंग सिस्टीमकडून करवून घेते. पेढीचा मालक स्वतः गोदामात जात नाही, मुनिमास सांगतो, तसाच हा प्रकार होय. अडचण अशी की प्रत्येक मुनिमाची भाषा वेगळी. डॉसला उद्देशून केलेली विनंती लिनक्सला कळत नाही. आणि आजच्या विंडोजलाही ती कळेनाशी झाली आहे. डॉसच्या आज्ञावल्या १६ बिटांच्या धाटणीच्या होत. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक खास दालन राखलेले असे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ते दालनच नाही, कारण प्रोसेसर ६४ बिटांच्या रीतीने चालू लागला की डॉससाठी असलेली त्याची जुनी सोय बंद होते. २०२१ साली आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. म्हणजे नवा संगणक घेणाऱ्या व्यापाऱ्यास हे दालन आता मिळणे नाही.

येथेच एक खुलासा करणे अवश्य आहे. विंडोजच्या काळात, व्हिज्युअल बेसिक ६ अथवा व्हिज्युअल फॉक्सप्रो यांत लिहिलेल्या आज्ञावल्या ३२ बिटांच्या असतात, व त्यांपैकी पुष्कळशा विंडोज ११ वर जशाच्या तशा चालतात. 'जुने आहे, चालणार नाही' असे सांगून नवे सॉफ्टवेअर गळ्यात बांधणारे विक्रेते पुष्कळ भेटतात. आधी एका नव्या यंत्रावर प्रत घालून पाहावी, मगच खर्चाचा विचार करावा.

हा प्रश्न जगात प्रथमच उद्भवला आहे असेही नाही. आय.बी.एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा तिच्या हजारो ग्राहकांकडे १९५९ साली आलेले १४०१ हे यंत्र होते, आणि पगारपत्रके व मालाचे हिशेब त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांत अडकलेले होते. ते सारे पुन्हा लिहा म्हटले असते तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेले असते. म्हणून नव्या यंत्रातच १४०१ ची हुबेहूब नक्कल करण्याची सोय ठेवण्यात आली. यंत्र नवे, परंतु आज्ञावलीस आपण जुन्याच घरी आहोत असे वाटे. आजचे सर्व उपाय या एकाच कल्पनेची अपत्ये आहेत.

त्यांतील पहिला उपाय दुभाष्याचा. बेळगावच्या बाजारात मराठी बोलणारा दुकानदार व कन्नड बोलणारा शेतकरी यांच्यामध्ये दोन्ही भाषा जाणणारा अडत्या उभा राहतो, तसे वाइन नावाचे सॉफ्टवेअर विंडोजच्या आज्ञावलीची विनंती ऐकून ती लिनक्सच्या भाषेत सांगते व उत्तर परत विंडोजच्या भाषेत देते. हे काम १९९३ साली सुरू झाले, आणि त्याची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, निघाली. दुभाष्याचे काम किती किचकट असते हे यावरून ध्यानात यावे. वाइनमध्ये प्रत्येक आज्ञावलीस स्वतंत्र कप्पा देता येतो. त्या कप्प्यात तिचा स्वतःचा सी ड्राइव्ह असतो, स्वतःची नोंदवही असते.  गंमत अशी की विंडोज ३.१ च्या काळातील कित्येक १६ बिटी आज्ञावल्या आजच्या विंडोजवर चालत नाहीत, त्या वाइनच्या साहाय्याने लिनक्सवर चालतात. स्वतःच्या घरी ओळख न मिळालेला पाहुणा शेजाऱ्याने ठेवून घ्यावा, तसे हे आहे.

दुसरा उपाय संपूर्ण सोंगाचा. यात प्रोसेसर, पडदा, कळफलक हे सर्वच जुन्या यंत्राप्रमाणे आहे असा आभास निर्माण केला जातो. डॉसबॉक्स हे अशा सॉफ्टवेअरचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मात्र ते मूळतः डॉसचे जुने खेळ चालावेत म्हणून तयार झाले, हे विसरू नये. त्याच्या मूळ आवृत्तीत छपाईची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स ही त्याचीच शाखा, आणि व्हीडॉस हे केवळ विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर, यांत छपाईची व्यवस्था आहे; म्हणून व्यापारी कामास हीच दोन अधिक उपयोगी.

तिसरा उपाय तो काटेकोर अर्थाने अ‍ॅप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन. यात आज्ञावली तिच्या सर्व सहायक फाइलींसह एका गाठोड्यात बांधली जाते. ती कोठेही लिहू लागली की तिचे लिखाण त्या गाठोड्याच्या वहीत वळवले जाते. मूळ यंत्रावर काहीच बसवावे लागत नाही. सॉफ्ट्रिसिटी या कंपनीचे असे तंत्र मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतले व ते पुढे अ‍ॅप-व्ही या नावाने ओळखले जाऊ लागले. व्हीएमवेअरने २००८ मध्ये थिनस्टॉल विकत घेऊन थिनअ‍ॅप केले. मोठ्या कचेऱ्यांत, जेथे एकाच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर भांडण न करता नांदाव्या लागतात, तेथे हे फार उपयोगाचे ठरले. परंतु आमच्या वाचकांनी एक मर्यादा नीट समजून घ्यावी. हे गाठोडे आज्ञावलीस वेगळे ठेवते, तिचे भाषांतर करीत नाही. खाली जी विंडोज आहे तिला १६ बिटी भाषा येत नसेल तर गाठोडे बांधून काहीच साधत नाही. 'व्हर्च्युअलायझेशन' हा एकच शब्द वापरून तिन्ही गोष्टी विकल्या जातात, म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा: आपले सॉफ्टवेअर भाषांतर करते, सोंग करते, की केवळ गाठोडे बांधते?

चौथा उपाय म्हणजे संगणकाच्या पोटात अख्खा दुसरा संगणक. ओरॅकल कंपनीच्या व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज एक्सपी अथवा डॉस संपूर्णपणे बसवता येते व त्यात आज्ञावली चालवता येते. एकच आज्ञावली चालवायची असता अख्खे घर उभारावे लागते एवढाच यातील जाच. परंतु जेथे इतर उपाय हरतात तेथे हा बहुधा चालतो. मात्र विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली आहे, तेव्हा अशा आतल्या यंत्रास इंटरनेटची वाट मुळीच देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर जो उत्पात केला, तो सुधारणा न बसवलेल्या विंडोज यंत्रांच्या जाळ्यांतून पसरला होता.

वळवलेल्या लिखाणाचा एक सापळा येथेच सांगितला पाहिजे, कारण तो बिनखर्चाने प्रत्येकाच्या यंत्रात मांडलेला आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे, जुन्या धाटणीची ३२ बिटी आज्ञावली जर 'प्रोग्राम फाइल्स' या संरक्षित फोल्डरमध्ये लिहू लागली, तर विंडोज तिला नकार देत नाही. ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खाजगी 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. परिणाम असा की एकाच संगणकावर वडील आपल्या नावाने आत गेले असता त्यांस एक खतावणी दिसते, चिरंजीव आपल्या नावाने गेले असता दुसरीच. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. आणि जो 'प्रोग्राम फाइल्स'मधील फोल्डरची प्रत दर शनिवारी काढून ठेवतो, त्याच्या हाती दोघांपैकी कोणाचीच खतावणी लागत नाही. म्हणून हिशेबाची जुनी आज्ञावली नेहमी स्वतंत्र फोल्डरमध्ये, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर 'हिशेब' या नावाने, ठेवावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, डॉसमधील फॉक्सप्रोची खतावणी विंडोज ११ वर आणावयाची आहे. जुने यंत्र चालू असेल तर प्रथम त्यावरच, त्याच आज्ञावलीतून, प्रत्येक वर्षाची तेरीज व ताळेबंद कागदावर छापून घ्यावा. पुष्कळ जण ही पायरी गाळतात. पुढे सर्व काही या कागदाशीच ताडून पाहावयाचे आहे. मग यंत्र बंद करून त्याची डिस्क काढावी, जोडणीच्या साध्या अडॅप्टरने ती नव्या संगणकास लावावी, व हिशेबाचा संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावा; केवळ खात्यांच्या फाइली नव्हेत, तर आज्ञावली, अनुक्रमणिकांच्या फाइली, व डिस्कच्या मुळाशी असलेली कॉन्फिग व ऑटोएक्झेक ही दोन पत्रकेदेखील. या दोन पत्रकांत आज्ञावलीस एका वेळी किती फाइली उघडाव्या लागतात इत्यादी गोष्टी लिहिलेल्या असतात. उतरवलेल्या प्रतीची आणखी एक प्रत करून ती अलग ठेवावी व तिला हात लावू नये. दुसरी प्रत डॉसबॉक्स-एक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून जोडावी आणि आज्ञावली सुरू करावी.

येथे कधीकधी एक विचित्र विघ्न येते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावल्या सुरू होताच '२०० क्रमांकाची चूक' दाखवून बंद पडतात. कारण असे की आरंभी त्या यंत्राचा वेग मोजतात, आणि सुमारे २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढील यंत्रावर ते गणित बिघडते. यंत्र वाईट म्हणून नव्हे, फार चपळ म्हणून काम अडावे, असे उदाहरण व्यापारात विरळाच सापडेल. सोंग करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी करण्याची सोय असते. ती वापरली की बहुधा काम भागते.

छपाईची कथा वेगळी. डॉसची आज्ञावली छपाईयंत्राकडे साधी अक्षरे पाठवते व मध्येच काही सांकेतिक आकडे पाठवते. उदाहरणार्थ १५ हा संकेत मिळाला की एप्सन पद्धतीचे टाचण्यांचे यंत्र, म्हणजे आपले डॉट मॅट्रिक्स, अक्षरे दाटीने छापू लागते, व त्यामुळे खतावणीची लांब ओळ अरुंद कागदावर मावते. आजची पुष्कळशी यूएसबी छपाईयंत्रे ही भाषा जाणत नाहीत. डॉसबॉक्स-एक्स व व्हीडॉस यांत ही अक्षरे मध्येच अडवून ती आजच्या यंत्रास समजतील अशी करून देता येतात. आमचे मत असे की कागदापेक्षा पीडीएफ करून ठेवणे बरे. ते पुढे शोधता येते.

ज्या आज्ञावलीस समांतर पोर्टवर लावावयाची कुलूपकळ, म्हणजे डोंगल, लागते, तिची अडचण मात्र खरी आहे. नव्या यंत्रास तो पोर्टच नसतो. कळ हरवू देऊ नये व शक्य तोवर मूळ विक्रेत्याकडून कळीविना चालणारी प्रत मागावी. कुलूप फोडून देणारे लोक मिळतात, परंतु त्यात परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय पेढीच्या हिशेबात अनोळखी माणसाची आज्ञावली शिरते.

मराठी अक्षरांचा प्रश्न आपल्याकडील विशेष होय. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड ज्यांनी बसवले होते, त्यांची खातेदारांची नावे देवनागरीत आहेत. परंतु ती दाखवण्याचे काम ते कार्ड करीत असे, आणि कोणतेही आभासी आवरण त्या कार्डाचे सोंग घेत नाही. परिणामी रकमा बरोबर दिसतात व नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा. घाबरण्याचे कारण नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आय.एस. १३१९४ या क्रमांकाने इस्की ही जी संकेतावली ठरवून दिली, तिच्यात ती नावे असतील तर युनिकोडमध्ये आणता येतात. पुढे विंडोजच्या काळात ज्यांनी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरले, त्यांस मात्र त्या त्या फाँटचे नाव ठाऊक असावे लागते. ते कोठेतरी लिहून ठेवावे.

एवढे केल्यावर साहजिक विचार येतो की मग चालू हिशेबही याच आवरणात का ठेवू नयेत? आमचा स्पष्ट सल्ला आहे की ठेवू नयेत. एकाच वेळी दोन जण खतावणीत लिहू लागले असता नोंदीस टाळे लावण्याची डॉसची रीत आवरणातून नेहमीच नीट पाळली जाते असे नाही, व अनुक्रमणिका बिघडते. शिवाय ज्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांना १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे व ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच चालते. डॉसच्या जुन्या आज्ञावलीत अशी सोय कोठून असणार? आवरण हे जुने वाचण्यासाठी आहे. शक्य असेल तर हिशेबाची रोजच्या वापराची प्रत दर वेळी मूळ प्रतीवरून नव्याने करून घ्यावी, म्हणजे चुकून एखादी कळ दाबली गेली तरी बिघाड टिकत नाही.

जुने किती काळ जपावे? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे निदान आठ आर्थिक वर्षांच्या वह्या ठेवाव्या लागतात. वस्तू व सेवा कराच्या केंद्रीय कायद्याचे कलम ३६ वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांगते, आणि अपील चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष अथवा ही मुदत, यांपैकी जी नंतर संपेल ती. १९९६ ची खतावणी यांपैकी कशातच बसत नाही. परंतु कायद्याची मुदत संपली म्हणून घरातील देणे-घेणे, भागीदाराचे भांडवल अथवा विधवा वहिनीची पेढीतील ठेव संपत नाही. किती जपावे हे प्रत्येक घराने ठरवावे.

शेवटची गोष्ट अशी की आवरणावरही कायमचा भरवसा ठेवता येणार नाही. आज ते चालते, वीस वर्षांनी त्यासच दुसरे आवरण लागेल. म्हणून आवरणात आज्ञावली सुरू झाली की तिच्याच साहाय्याने सर्व खात्यांचे उतारे साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घ्यावेत. 'डीबीएफ' फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडतात हे खरे, आणि ते अवश्य करून पाहावे. परंतु त्यात दोन धोके आहेत. एक तर नोंदीत खातेदाराचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, आणि कोणती खूण जमेची व कोणती नावेची, हे आज्ञावलीसच ठाऊक असते. दुसरे असे की या पद्धतीत रद्द केलेली नोंद पुसली जात नाही. तिच्या आरंभी केवळ एक तारांकित खूण केली जाते, व फाइल आवळून घेईतो ती तेथेच पडून राहते. ज्या साधनास ही खूण कळत नाही, ते रद्द नोंदीही खऱ्या म्हणून दाखवील, व बेरीज फुगेल. आरंभी छापून घेतलेली तेरीज येथे उपयोगी पडते. आवरणातील आज्ञावली, काढलेला उतारा व तो कागद, या तिन्हींतील प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळेपर्यंत कोपऱ्यातील ते यंत्र जागचे हलवू नये. जुळल्यावर त्याची डिस्क काढून घ्यावी, आणि उरलेला सांगाडा रद्दीवाल्यास न देता इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावा.